एक जूनचा भाऊ

स्वतःचं मरण बिभीषण गर्जे इतकी वर्षं बऱ्यापैकी विसरून होता. ते त्याला पुन्हा भेटलं एप्रिलातल्या एका गुरुवारी, सकाळी साडेदहाला, नगरच्या एमआयडीसीतल्या कंपनीच्या कचेरीत, टेबलावरचा चहा निवत असताना. कामगार-कल्याण विभागाचं नवं पोर्टल त्या दिवशी सुरू व्हायचं होतं. बाराशे माणसांचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, दवाखान्याची योजना, पोरीच्या लग्नाची उचल, मयताची मदत, सगळं एका पडद्यावर. विभागाचा प्रमुख तोच, म्हणून चाचणीला पहिलं नाव त्याने स्वतःचंच टाकलं. पडदा क्षणभर पांढरा राहिला आणि मग मधोमध निळ्या चौकटीत उमटलं: श्री. बिभीषण कारभारी गर्जे. जन्म १ जून १९६७. आपल्या लाभांचे ४४ दिवस शिल्लक. त्याखाली तास, मिनिटं, सेकंद उतरत होते. माणसाला निवृत्तीची तयारी करता यावी म्हणून असा उतरता आकडा ठेवा, हे त्यानेच सुचवलेलं. पोर्टल बनवणाऱ्या पुण्याच्या पोरांनी ते हुबेहूब करून दिलं होतं. शेजारच्या टेबलावरून त्याची सहायक निकिता म्हणाली, "छान दिसतंय ना सर?" तो हो म्हणाला. त्याच्या मनात आलं, हे चव्वेचाळीस दिवस आपले नव्हेत, त्याचे आहेत. आणि 'त्याचे' असं मनात येताच मागे, फायलींचं कपाट आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर फटीत, कुणीतरी ओल्या पायांनी उभं असल्यासारखं वाटलं. त्याने वळून पाहिलं नाही. पन्नास वर्षांत त्याने एकदाही वळून पाहिलेलं नव्हतं. म्हणून तर नोकरी इतकी सरळ झाली.

एक जून हा या जिल्ह्यातला मोठा सण आहे, फक्त कॅलेंडरवाले तो छापत नाहीत. पोर शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे, कधीचं? बाप सांगायचा, बाजरी काढायला आली होती तेव्हाचं. गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघायचे, पोचला की सहा वर्षांचं झालं म्हणायचे आणि लिहायचे, एक जून. अशी गावंच्या गावं एका दिवशी जन्मलेली. बिभीषणने कधीकाळी हौसेने एक लाभ काढला होता: वाढदिवसाला केक आणि अर्ध्या दिवसाची रजा. पहिल्याच एक जूनला एकशे बारा कामगार जन्मले. दुपारी प्रेसशॉप असं गप्प झालं की छपरावरच्या कबुतरांना घाबरून उडता येईना. पुढच्या वर्षी त्याने सगळ्यांत मिळून एकच केक मागवला, तर तो टेम्पोतून आला आणि आत जाईना म्हणून कॅन्टीनचं दार बिजागरीतून काढावं लागलं. लोक अजून सांगतात, केकचं उरलेलं क्रीम खाऊन एमआयडीसीतली कुत्री चार दिवस भुंकली नाहीत. सांगोत बापडे. मात्र जे एका दिवशी जन्मतात ते एका दिवशी म्हातारेही होतात. दर एकतीस मेला पंधरा-वीस माणसं हारांच्या ओझ्याखाली फाटकातून बाहेर जात, आणि बिभीषण त्यांच्या हातात पाकीट देताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघे. यातले किती जण खरंच अठ्ठावन्नचे असतील? हा प्रश्न त्याला पडे, आणि लगेच त्या फटीतून पाणी ठिबकल्याचा आवाज येई.

बहात्तरच्या दुष्काळात शेवगावच्या पलीकडे त्यांच्या गावाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. कारभारी आणि साळूबाई, त्याचे बाप आणि आई, दोघंही त्यावर. साळूबाई घमेलं घेऊन भरावावर चढायची आणि थोरला बिभीषण कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची पिशवी राखत बसायचा, मांडीवर धाकट्याला घेऊन. धाकट्याचं नाव अंगद. पुढल्या वर्षी जूनमध्ये थोरला शाळेत गेला. ऑगस्टात आईबापांनी खणलेल्या त्या तळ्यात पहिल्यांदा पाणी थांबलं, सारा गाव बघायला गेला, आणि शाळा सुटल्यावर थोरलाही गेला. अंगदला त्यातलं फार आठवत नाही. त्याला आठवतं ते काठावर ठेवलेलं दप्तर, आणि थोरल्याला घरी आणल्यावर सारवलेल्या जमिनीवर वाढत गेलेला ओला डाग. कोतवालाने त्याच्या वहीत नोंद केली. गुरुजी तिसऱ्या दिवशी आले. गुरुजी वाईट माणूस नव्हते, फार पुढे त्याला वाटायचं की वाईट असते तर बरं झालं असतं. शाळा नवी होती, पट जेमतेम, तपासणी तोंडावर. ते कारभारीला म्हणाले, "एक नाव कमी झालं तर शाळा जाईल, कारभारी. धाकटा आहे ना? त्याला बसव त्याच्या जागी. नाव आहेच पटावर." बाप बराच वेळ जमीन उकरत बसला आणि मग व्हय म्हणाला. साळूबाईला बजावलं, साहेब येऊन जाईस्तोवर रडायचं न्हाई. मग साहेब आला, गेला, दुसरा आला, आणि तिचं रडायचं राहूनच गेलं.

चार वर्षांचा अंगद थोरल्याचा सदरा गुडघ्यापर्यंत घालून त्याच्या जागेवर बसला. पाटीवर थोरल्याने काढलेला अर्धा ग होता, तो त्याने पुरा केला. गुरुजींनी हाक दिली, बिभीषण कारभारी, तशी तो मान वळवून दाराकडे बघत राहिला. शेजारच्याने कोपर मारलं तेव्हा म्हणाला, हजर. आणि त्याच क्षणी त्याच्यासोबत आणखी कुणीतरी हजर म्हणालं. किंचित जाड आवाजात. ते पुढेही सुटलं नाही. मॅट्रिकला, आयटीआयला, कंपनीच्या मुलाखतीला, लग्नात भटजींनी नाव पुकारलं तेव्हा, बँकेत, आधारच्या केंद्रावर बोटं टेकवताना, नाव घेतलं गेलं की तो अर्धा क्षण थांबे. दुसऱ्याला आधी उत्तर देऊ द्यावं, थोरला आहे तो. साहेब लोक म्हणत, गर्जे विचार करून बोलतो. याच अर्ध्या क्षणावर त्याला तीन बढत्या मिळाल्या. आईने मात्र घरात त्याला कधी बिभीषण म्हटलं नाही. अंगद म्हणायची, तेही दार लावून. मरताना तिने डोळे न उघडता विचारलं, "बिभी आला का रं?" त्याने सांगितलं, आला. कोण आला, हे दोघांनीही विचारलं नाही.

तर ते चव्वेचाळीस दिवस. त्याची बायको आरती दर मंगळवारी आणि शुक्रवारी सावेडीच्या दवाखान्यात चार तास यंत्राला लावलेली असे. दोन्ही मूत्रपिंडं तीन वर्षांपूर्वी थकली होती. यंत्राचं, सुयांचं, औषधांचं सगळं कंपनीची योजना बघे, आणि ती योजना बिभीषणने स्वतः लिहिलेली होती. कलमं लिहिताना त्याचा हात सुताराच्या हातासारखा चाले. कुठे चूल राहील, कुठून वारा येईल, सगळं दिसे. पण सांध्यात कोण चिमटेल ते दिसलं नाही. कलम नऊ: निवृत्तीच्या दिवसाबरोबर सदस्याचं आणि कुटुंबाचं दवाखान्याचं संरक्षण संपेल. आणि कलम पाच, ज्याचा त्याला फार अभिमान: नोकरीला पाच वर्षं झाल्यावर जन्मतारीख कोणत्याही कारणाने बदलली जाणार नाही. हे नसतं तर अर्धी कंपनी दरसाल तरुण होत गेली असती. त्याचं खरं वय पंचावन्न. अडीच वर्षं त्याची होती, हक्काची, आणि आरतीचीही. ती त्यानेच कुलपात घालून किल्ली तळ्यात टाकली होती.

या कुलपाला पहिला धडकला तो पुंजाराम. बॉयलरवरचा माणूस, हसरा, एका कानाने बहिरा. सहा वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या महिनाभर आधी, तो आपल्या म्हाताऱ्या आईला टेम्पोत बसवून थेट कचेरीत घेऊन आला. म्हातारी खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली आणि म्हणाली, "लढाई लागली तवा ह्यो पोटात हुता, साहेब. पाकिस्तानची. लिव्हा." म्हणजे पासष्ट सालचा, कागदावर एकसष्ट. बिभीषणने कलम पाच वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, "कागुद तिथं हुता का? मी हुते." बिभीषणने चहा मागवला. पुंजाराम निवृत्त झाला आणि पंधरा दिवसांत ठेकेदाराकडून त्याच फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहिला, निम्म्या पगारावर, कसल्याही योजनेशिवाय. तेव्हापासून रोज सकाळी सलाम करून तो तेच विचारी, "साहेब, आज माझं वय किती?" पहिल्या वर्षी बिभीषणला ते टोचलं. मग तो हसायला लागला. यंदा एप्रिलात, आकडा उतरायला लागल्यापासून, त्याला आतून उत्तर द्यावंसं वाटू लागलं, आणि रोज फाटक ओलांडताना घशाशी पाटीवरच्या पेन्सिलीची चव येऊ लागली.

बाविसाव्या दिवशी रजा टाकून तो आपल्या जन्माचा दाखला शोधायला शेवगावला गेला. शहराचंसुद्धा नाव एव्हाना कागदावर बदललं होतं. एसटीच्या पाटीवर नवं नाव आणि कंडक्टरच्या तोंडात नगरच. शहराला हे जमतं, दोन्ही नावांना गिऱ्हाईक मिळतं. तहसिलात जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुकं एका लोखंडी मांडणीवर होती, वाळवीने कडा कुरतडलेली. बजरंग नावाचा कारकून तोंडाला रुमाल बांधून पानं उलटत होता. एकोणसत्तर सालच्या नोव्हेंबरात एक ओळ सापडली: कारभारी गर्जे, पुत्र एक. नाव नाही. तेव्हा बारशाआधीच नोंदी होत, नावाचा रकाना कोराच राही. बजरंगने उगाच दया येऊन आणखी पानं चाळली, कुठे पुढे नाव भरलंय का बघायला, आणि त्र्याहत्तरच्या ऑगस्टात त्याचं बोट थांबलं. त्याने अर्जावरचं नाव पाहिलं, वहीतलं पाहिलं, समोरच्या माणसाला पाहिलं.

"अवघड हाय, साहेब," तो म्हणाला. "जन्मलेल्याला नाव न्हाई, अन् नाव हाय तो मेलेला हाय. बिभीषण कारभारी गर्जे, वय सहा, पाण्यात बुडून. कोणता दाखला देऊ?"

त्याने दोन्ही मागितले. एसटीत परत येताना ते दोन कागद मांडीवरच्या पाकिटात होते आणि खिडकीतून ऊस, चाऱ्याच्या गंजी, ढाबे मागे जात होते. बिननावाचा जन्म पुरावा म्हणून चालणार नव्हता, चालला असता तरी कलम पाचचं कुलूप होतंच. पण दुसऱ्या कागदाचं वजन काही वेगळंच लागत होतं. सरकारी शिक्का, नाव, बापाचं नाव, गाव, सगळं त्याच्या नोकरीच्या फायलीशी अक्षरानिशी जुळणारं. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत इतका बिनचूक जुळलेला दाखला त्याने पाहिला नव्हता. शेजारच्या रिकाम्या सीटचं रेक्झिन दमट लागत होतं. बाकी सारी एसटी उन्हाने भाजत होती.

आरतीला त्याने शुक्रवारी सांगितलं, यंत्राचा पंप फिरत असताना. एकोणतीस वर्षांच्या संसारात हे तिला ठाऊक नव्हतं. ती नळीतून जाणाऱ्या रक्ताकडे बघत ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पत्रिका कुणाची जुळवली होती? छत्तीसपैकी तीस गुण जमले म्हणून माझा बाप नाचत होता." तो ओशाळला. ती थोडा वेळ हसली, तिला धाप लागली, नर्सने डोळे वटारले. त्याने तिला आकडा सांगितला, कलम नऊ सांगितलं, बाहेर याला काय लागतं ते सांगितलं. तिला ते ठाऊकच होतं. दवाखान्यातल्या बायका दुसरं बोलतात काय? ती दुसऱ्याच गोष्टीवर अडली होती.

"अहो, त्या पोराला कुणी रडलंच नाही का मग?"

"रडता आलं नाही. पटावर होता ना."

"मग तो जाईल कसा?" ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

एकतीस मे उजाडला. पंचवीस तारखेपासून त्याला झोप अशी नव्हतीच. कलमं डोक्यात स्वतःहून वाचली जात. त्यातच एकदा, दाढी करताना, त्याला कलम चौदा दिसलं. पूर्वी कर्जतकडचा एक फिटर गावाला जाताना वाटेतून नाहीसा झाला होता. मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही. त्याची बायको वर्षभर कचेरीच्या पायरीवर येऊन बसायची, आजारी पोराला घेऊन. तेव्हा बिभीषणने एक कलम घातलं होतं, साहेबांशी भांडून, हट्टाने: सदस्याच्या मृत्यूबाबत संशय वा वाद असल्यास चौकशी पूर्ण होईपर्यंत कुटुंबाचं दवाखान्याचं संरक्षण चालू राहील. सगळ्या योजनेत ती एकच ओळ त्याने डोळ्यांत पाणी येऊन लिहिली होती. आणि चौकशी म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? फिटरची अजून चालू आहे.

सकाळी अकराला तो पोर्टलसमोर बसला. आकड्यात आता दिवसांच्या जागी शून्य होतं. जन्मतारखेच्या दुरुस्तीचं बटण राखाडी, मेलेलं. त्याचंच कलम पाच. त्याच्या शेजारी दुसरं बटण होतं, हिरवं: सदस्याच्या मृत्यूची नोंद. ते त्याने दाबलं. यंत्राने दाखला मागितला, त्याने दिला. यंत्राने नाव जुळवलं, बापाचं नाव जुळवलं, गाव जुळवलं. मृत्यूची तारीख १९७३ आणि नोकरीला लागल्याची १९९३, यात यंत्राला काही वावगं दिसलं नाही; कामाला लागायच्या आधी मेलेला माणूस कंपनीत येईल, अशी शंका पुण्याच्या पोरांना आली नव्हती आणि बिभीषणनेही ती त्यांना सांगितली नव्हती. शेऱ्याच्या जागी त्याने लिहिलं, 'दाखला खरा आहे. तारीख कृपया नीट वाचावी. चौकशी व्हावी ही विनंती.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ग्रॅच्युइटी अडकेल, मोठे साहेब बोलावतील, कदाचित खटलाही होईल, हे सगळं त्याने हिशेबात धरलं होतं. तरीही बोट हवेत थांबलं. नेहमीसारखा तो अर्धा क्षण. दुसऱ्याला आधी उत्तर देऊ द्यावं. मागच्या फटीतून थंड, शेवाळलेला वास आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मान वळवून पाहिलं. कपाट होतं. भिंत होती. भिंतीला, लहान मुलाच्या उंचीएवढी, ओल चढलेली होती. त्याने बोट टेकवलं.

आणि इथे त्याचीच एक गोष्ट तो विसरला होता. कामगार गेला की सगळ्यांच्या मोबाईलवर, त्याच्या घरच्यांच्याही, निरोप जायचा आणि भोंगा होऊन दोन मिनिटं काम थांबायचं, हा रिवाज त्यानेच घातलेला. पोर्टलमध्ये तो आपोआप होईल अशी सोयही त्यानेच करून घेतली होती. टेबलावरचा मोबाईल थरथरला. 'आपले सहकारी श्री. बिभीषण कारभारी गर्जे आपल्यात राहिले नाहीत. त्यांच्या आत्म्यास शांती लाभो.' मग भोंगा झाला. लांब, एका दमाचा. प्रेस थांबले, भट्ट्यांचे पंखे थांबले, कॅन्टीनमधलं भांडं वाजता वाजता थांबलं. खिडकीतून त्याला अंगणातली माणसं दिसत होती, टोप्या काढून, माना घालून उभी. काही जण मोबाईल पुन्हा वाचत होते, तरी उभे होते. निकिता दारात आली, तिने त्याच्याकडे बघितलं, आणि सवयीने तीही उभी राहिली. बाराशे माणसं उभी होती. सहा वर्षांच्या एका पोरासाठी, ज्याला साहेब येऊन जाईस्तोवर रडायचं नव्हतं. बिभीषण खुर्चीतून उठला. हात बाजूला सोडून, शाळेत उभं राहतात तसा. पहिल्या मिनिटाला त्याला सदऱ्याची लांब बाही आठवली. दुसऱ्या मिनिटाला त्याला हुंदका आला आणि तो साळूबाईच्या आवाजात आला.

भोंगा पुन्हा झाला तेव्हा निकिता पडद्याकडे धावली होती. तिथे पिवळ्या अक्षरांत आलं होतं: शेऱ्यावरून तारखेबाबत संशय. चौकशी प्रलंबित. कुटुंबाचं संरक्षण चालू. ती म्हणाली, "सर, हे काय केलंत?" त्याने तिला एवढंच सांगितलं की चौकशीची फाईल आता तुझ्याकडे येईल, सावकाश कर, घाई करू नकोस. मग डबा उचलला आणि जिना उतरला. वाटेत माणसं त्याला बघून बाजूला होत होती. दोघांनी नमस्कार केला, तो जिवंत माणसाला करतात तसा नव्हता.

फाटकावर पुंजाराम अजून टोपी हातात धरून होता. "कोण गेलं म्हणून दोन मिन्टं उभा राहिलो," तो म्हणाला, "तर तुमीच समोरून येताय. आज तुमचं वय किती, साहेब?"

तेवढ्यात मोबाईल वाजला. आरती होती. मागे यंत्र नव्हतं, घरचा कुकर होता.

"तुम्ही गेल्याचा मेसेज आलाय," ती म्हणाली. "खाली लिहिलंय, संरक्षण चालू. येताना दळण घेऊन या." मग तिने विचारलं, "रडला का कुणी?"

"हो," तो म्हणाला.

पुंजारामने बाहेर जाणाऱ्यांची वही पुढे सरकवली. आतल्याला नाव विचारत न्हाईत साहेब, भाईरच्याला लिव्हावं लागतं, असं तो म्हणाला आणि पेन दिलं. बिभीषणने पेन धरलं. छप्पन्नाव्या वर्षाला टेकलेल्या माणसाचं अक्षर नव्हतं ते. एकेक वळण पाटीवर गिरवल्यासारखं उमटत गेलं. अंगद कारभारी गर्जे. पुंजारामने वही फिरवून घेतली, ओळीवर बोट ठेवून, आपल्या चांगल्या कानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती वाचली. त्याला वाचलेलं मोठ्यानेच लागे.

सवयीने तो अर्धा क्षण थांबला, दुसऱ्याला आधी उत्तर देता यावं म्हणून. रस्त्यावरून लोखंडी सळयांचा ट्रक खडखडत गेला. धूळ खाली बसली.

मग तो एकटाच म्हणाला, "हजर."